रविवारी बंद

पवननगरच्या माझ्या खानावळीत
हा शब्द पहिल्यांदा आला तो
दुसऱ्या पाळीच्या सहा डब्यांबरोबर,
झाकणंही न उघडता अंबडहून परत आलेल्या.
"काकू, मंदी आहे," डबे नेणारा पोरगा म्हणाला,
साहेब बाहेर गेलेत म्हणावं तसा.

मला मंद एवढंच ठाऊक:
आमटीला उकळी आली की गॅस मंद करायचा,
तूप कढवताना तर नजरसुद्धा हलवायची नाही.
मंद म्हणजे लक्ष असणं.
मंद म्हणजे करपू न देणं.

कंपनीत तो कसा वापरतात
ते जेवता जेवता बोलणाऱ्यांकडून कळलं.
मंदी येते. लांबची आत्या येते तशी,
बोलावलं कुणी ते कुणी सांगत नाही
आणि किती दिवस राहणार, हे विचारायचं नसतं.
मंदीनं, मंदीमुळे, मंदीत, मंदीच्या नावाखाली:
विभक्ती सगळ्या लागतात तिला.
'कामावरून काढलं' म्हटलं की
कुणी काढलं, असं निदान विचारता येतं.
'मंदी आहे'मध्ये नुसतं आहे.

खैरनार हिशेबनीस म्हणाले, तेजी-मंदी, जोडीच आहे ती.
मग तेजी केव्हा येऊन गेली, भाऊ?
मी पोळीमागं एक रुपया वाढवला
तेव्हा तुम्हीच दोन दिवस जेवायला आला नव्हता.

निवृत्ती गांगुर्डे, नाव निवृत्ती, वय सव्वीस,
प्रेस शॉपला होता.
ठेकेदारानं ब्रेक दिलाय, म्हणाला,
जणू चहाला सोडलंय.
महिन्याचं कार्ड पुढं केलं: एकच वेळ करा, रात्रीची.
आता तो साडेदहाला येतो, गर्दी सरल्यावर,
आणि पोळीचा एकेक घास
दिंडोरीपर्यंत चालत जाऊन आल्यासारखा चावतो.
त्याची भाजी मी मंद ठेवते.
हे त्याला सांगितलेलं नाही.

कणीक पाच किलोवरून तीनवर आली
तेव्हा ठरवलं, रविवारी चूल नाही.
खडू घेऊन पाटीसमोर उभी राहिले.
'मंदीमुळे' एवढं लिहिलं,
पदरानं पुसलं.
'काकू आजारी आहे' लिहिलं.
खोटं होतं, पण वाक्यात कुणीतरी माणूस होतं.

सोमवारी निवृत्ती सकाळीच आला,
हातात दोन मोसंबी,
"काय होतंय काकू?"
मला पटकन काही सांगता येईना.