रिकामं डोकं

विश्वामित्रीच्या पुलाखाली, जिथं गटाराचं तोंड उघडतं,
तिथून वेचातभाई बाटली भरून आणतात.
लांब बांबू, बांबूला दोरी, दोरीला बाटली.
मगरीचा काय भरवसा, म्हणतात,
ती युनिव्हर्सिटीचं ओळखपत्र बघत नाही.
बाटलीवर तारीख घालतात गुजराती आकड्यांत.

पाणी काळं. वास बोटांना राहतो.
आईला एकदा सांगितलं, यातच मी शोधते,
तर तिनं पोळी लाटायची थांबवून
मला पुन्हा हात धुवायला लावले.

गाळलेला थेंब जंतूंच्या साईवर सोडला
की सकाळी साईला भोकं पडलेली,
कसरीनं खाल्लेल्या शालूसारखी.
त्या भोकांत ते असतात.
वीस बाजूंचं डोकं, खाली नळी, कोळ्याचे पाय.
जंतूवर उतरतात, टोचतात,
आपलं सगळं म्हणणं आत ओततात
आणि टरफल दारातच टाकून देतात.

आपल्याशी त्यांचं वैर नाही.
मैत्रीही नाही.
माणसाच्या पेशीपुढे ते उभे राहतात
चुकीच्या पत्त्यावर आलेल्या पाहुण्यासारखे.

म्हणून मी पाय फुटणारच नाहीत अशी जात वाढवली.
नळी नाही. टोचणं नाही.
डोक्यातलं होतं नव्हतं तेही नाही.

रिकामं डोकं सैतानाचं घर,
डोहाळकर बाई म्हणायच्या, दांडिया बाजारच्या शाळेत,
बहुतेक वेळा माझ्याकडे बघून.
बाई, या बघायला.
बर्फात ठेवलीत अब्जावधी रिकामी डोकी,
आणि प्रत्येकाच्या तोंडाशी पाच पाकळ्यांचं यंत्र,
निव्वळ प्रथिनाचं,
धागा आत ओढतं, ओढतं, ओढत राहतं,
जसं कुणी नऊवारी काडेपेटीत भरावं
आणि झाकण लागावं.
धागा आम्ही लिहिलेला.
अजून त्यात एवढंच लिहिलंय: पोचलात तर हिरवं चमका.
वरून चरबीचं पातळ अस्तर,
पेशीला वाटावं, घरचंच कुणी आलंय.

ही फसवणूक आहे का? असेल.

वेचातभाईंचा मुलगा छोटा उदेपूरकडे आश्रमशाळेत.
थंडीत त्याचं रक्त वाकतं.
थेंब काचेवर घेतला तर नुसते विळे,
कापणी संपल्यावर कुणी उचलायचे विसरल्यासारखे.
रात्री गुडघे धरून बसतो, ते सांगतात,
आणि सांगताना बाटलीचं बूच आणखी घट्ट करतात.
एकदा विचारलं, केटला वरस, बेन?
मी फ्रीजमध्ये डोकं घातलं
आणि तिथं नसलेलं काहीतरी
बराच वेळ शोधत राहिले.

काल शनिवार. डिपार्टमेंटमध्ये कुणी नाही.
सेव-उसळीचा पुडा बाहेर ठेवून, हात धुऊन,
दिवे घालवून मी भिंगाला डोळा लावला.
मूत्रपिंडाच्या पेशी, कुणाच्या कोण जाणे,
काचेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या,
अंधारात अंधारासारख्या.
मग कोपऱ्यात एक. शेजारी दुसरी.
कच्च्या कैरीचा रंग, आतून येणारा.

वेचातभाईंना हाक मारली. चपला बाहेर काढून आले.
डोळा लावला, श्वास धरला,
मोजले मोठ्यानं, भात उगवल्यावर मोजतात तसे.
अगियार.
अकरा, मी म्हटलं, लाखांत अकरा, काहीच नाही हो हे.
ते काही बोलले नाहीत.
डोळा काढला, चष्म्याशिवायच पुन्हा लावला.

ते गेल्यावर मी फोकस जरासा फिरवला.
अकरावा सुताचा तंतू होता, माझ्याच ओढणीचा.
वहीत दहा लिहिले.
खाली तारीख घालताना हात अडला
आणि का कोण जाणे, आकडे गुजरातीत पडले.

सोमवारी नवं पाणी लागेल, असा निरोप ठेवलाय.
नदी उतरलीये, मगरी काठावर येतात.
बांबू अजून हातभर लांब हवा.