अनामिका

उद्यमनगरात खाली लेथ,
वर माझी दहा बाय बाराची खोली.
लेथ सुरू झाली की टेबल थरथरतं
आणि सेन्सरला वाटतं, कुणीतरी हात हलवला.
पहिले दोन महिने मी हातांवर काम केलंच नाही,
खालून येणारे हादरे तेवढे गाळत बसले.

फोनला न शिवता फोन चालवायचा, एवढंच.
ज्यांचे हात दिवसभर ऑइलमध्ये असतात,
ज्यांचं बोट काचेला ओळखूच येत नाही,
त्यांच्यासाठी.

आधी केला हातमोजा.
गुंडूमामा नाईकवाड्यांनी घातला,
पाच मिनिटांत काढून पिळला.
त्या पाच मिनिटांत ते बोलत होते,
आणि बोलताना त्यांचे हात काही गप्प बसत नाहीत.
"तसं न्हवं ओ" म्हणत मनगट झटकलं,
तर फोन लागला गडहिंग्लजला, व्याह्यांना.
"आता काय सांगायचं तुमास्नी" म्हणून तळवा उलटा केला,
तर व्याही कट.
मी वहीत लिहिलं:
बोलणं आणि खूण, यांत फरक किती अंशांचा?

मग अंगठी.
हुपरीहून चांदीची घडवून आणली,
आत नखाएवढं सर्किट.
मला फार आवडली होती.
मामांनी ती हातात घेतली नाही.
डावा हात टेबलावर ठेवला,
चार बोटांचा.
"लगीन हून अकरा दिवस झालते.
अंगठी चकात गेली, तिच्या मागनं बोट."
खाली कुणीतरी लेथ बंद केली, चहा आला असावा.
मी अंगठी खोक्यात टाकली
आणि खोकं कपाटावर.

तिसरा हा पट्टा,
कोपराच्या खाली चार बोटं सोडून बांधायचा.
सुभाषनगरात मालन सातपुते चपलांच्या वेण्या विणतात.
त्यांना म्हटलं, वेणीत तार लपवायची,
आणि एक टाका असा हवा
की ओढ बसली तर आधी तोच तुटेल.
"तुटू नये म्हणून लोक येत्यात आमच्याकडं,
तुमी तुटावं म्हणून आलाय?"
मी अकरा दिवसांचं सांगितलं.
त्यांनी आरी खाली ठेवली,
मेण लावलेला दोरा बाजूला सारला, साधा ओवला.
"कुणी इचारलं तर
ह्यो टाका माझा न्हाई म्हणून सांगायचं."

पट्टा कातडीवर कान ठेवून स्नायूंची कुजबुज ऐकतो.
स्क्रीनवर पाच रेघा, बोटाला एक.
अंगठा मिटा, म्हटलं. तर्जनी. मधलं.
एकेक रेघ उठत गेली.
आता करंगळी, मी घाईनं म्हणाले.
"एक ऱ्हायलं की."
आणि मामांनी ते मिटलं.
टेबलावर काही हललं नाही.
चौथी रेघ उठली,
बारीक, जरा उशिरा,
पण उठली.
"हाय का?"
"आहे."
"मला ठावं हाय. थंडीत खाजतंय."

प्रत्येक खुणेला फाइलमध्ये नाव द्यावं लागतं.
हिला काय देऊ?
"त्या बोटाला न्हाई व्हय नाव?"
"आहे. अनामिका."
"म्हंजी?"
"जिला नाव नाही ती."
मामा इतके हसले
की बाकीच्या चारही रेघा वेड्यावाकड्या झाल्या.
चौथी तेवढी जागेवर.
तेव्हा माझ्या लक्षात आलं,
हातवारे करताना ती सामील होत नाही.
महिनाभर शोधत होते तो फरक
तिथं बसला होता.

फोन उचलणे, मी टाइप केलं: अनामिका.

बॅटरी अजून साडेतीन तासच टिकते.
घामानं तार काळी पडते,
मालनताईंना परत जाऊन भेटायचंय.

काल दुपारी लेथ थांबलेली होती,
मामांचे दोन्ही हात रॉकेलच्या डब्यात,
आणि खिशात फोन वाजायला लागला.
मी जिन्यात होते.
एक रिंग, दुसरी,
तिसरी अर्धीच.
"हां, बोल गं."