अर्धी नळी

किंग्ज लिनला आलो तेव्हा
पक्षी टीव्हीतच होते.
घुबडाच्या ढोलीत कॅमेरा,
निवेदक असा कुजबुजायचा
जणू आमच्याच घरात कुणी निजलंय.
हेरंब तरीही आवाज कमी करायचा.

मग शेजारच्या मॉरीनने कुंपणावरून
एक नळी दिली, सूर्यफुलाच्या बियांची.
नऊ दिवस कुणी फिरकलं नाही.
दहाव्या दिवशी खार.

स्नेटिशमला अंधारात पोचलो, भरतीची वेळ बघून.
लाकडी खोपटात पाटी: हळू बोला.
आम्ही बोललोच नाही.
समोरचा चिखल उठला
आणि उडाला.
हजारो नॉट, वळले की पांढरे, पुन्हा वळले की राखी,
सुपात पोहे पाखडावेत
तसं आभाळ.
एका म्हाताऱ्याने न विचारता दुर्बीण हातात दिली,
वर थर्मासमधला चहा.
बिनसाखरेचा. प्यायलो.

नोव्हेंबरात बागेत शिक्र्याच्या जातीचं काहीतरी आलं.
आलं म्हणेपर्यंत गेलं.
नळी हलत राहिली,
गवतावर चार पिवळी पिसं.
संगीत नव्हतं, निवेदक नव्हता.
मीच कुजबुजले, "अगं बाई."

महिनाभर नाशिकला जाऊन आलो.
मॉरीनची वही दारातल्या पायपुसण्यावर:
तारीख, किती मुठी, कोण कोण आलं.
एका पानावर फक्त, "पाऊस. मीच."

गोल्डफिंचना आम्ही गेल्याचं कळलंही नव्हतं.
बॅगा तशाच ठेवून मी मागे गेले.
नळी अर्धी भरलेली होती.
तरी वरून मूठभर ओतलं,
उगाच,
आपला हात लागावा म्हणून.