शेवटची पाच मिनिटं

कॅलेंडर म्हणतं, आज शनिवार.
हल्ली मी त्याच्यावर फारसा विश्वास ठेवत नाही,
पण दुपारी पावणेतीनला पाय आपोआप
जिन्याखालच्या कपाटाशी जातात.
मफलर तिथे आहे. निळापांढरा. एका टोकाला चहाचा डाग,
दुसरं टोक उसवलेलं :
पेनल्टी मिळाली की दा ते चावायचा.

ग्रीनॉकमध्ये एरवीही फारसं काही घडत नाही,
आता तर तेही बंद.
समोरची सेंगा दर गुरुवारी रात्री आठला
खिडकीत पातेलं बडवते, परिचारिकांसाठी,
आणि सगळे थांबले तरी बडवत राहते,
नवरा तिला आत ओढून नेईपर्यंत.
मी दुधाच्या बाटल्या साबणाने धुते.
परवा बटाटेही धुतले.
उकडल्यावर लॅव्हेंडरचा वास आला. तरी खाल्ले.

खालच्या मजल्यावर गिलफिलन, वय एक्याऐंशी,
मूळचा पेस्लीचा, म्हणजे शत्रुपक्ष.
त्याची औषधं पायरीवर ठेवायची, बेल वाजवायची,
दोन मीटर मागे सरायचं.
तो दार उघडतो काळीपांढरी लोकरी टोपी घालून,
मे महिन्यात, मुद्दाम.
"या महिन्यात तुम्ही आम्हाला हरवलं नाहीत."
"सामनाच झाला नाही."
"तेच म्हणतोय मी."

दा साखरेच्या रिफायनरीत होता.
शनिवारी त्याच्या कोटाला जळक्या काकवीचा वास यायचा.
गेटवरचा माणूस दुसरीकडे बघायचा,
आणि दा मला उचलून फिरत्या दांड्यापलीकडे ठेवायचा,
फुकट, पोत्यासारखं.
मी अकरा वर्षांची झाले, त्याची पाठ धरली,
तेव्हापासून तिकीट.

पंच्याऐंशी मिनिटं झाली की उठायचा.
हरत असू, जिंकत असू, समोर कॉर्नर असो.
"बस," म्हणायचा.
आमच्याकडे त्या शब्दाला एकच अर्थ होता,
चार चाळीसची.

आणि आम्ही स्टॉपवर उभे असताना
भिंतीपलीकडून ती गर्जना उठायची.
दा मान तिरकी करून ऐकायचा.
"आपला," म्हणायचा. किंवा "त्यांचा."
आपला गोल म्हणजे पत्र्यावर गारा.
त्यांचा म्हणजे लांब कुठेतरी मोठं दार लागल्यासारखा.
क्वचितच चुकायचा.
शेवटच्या पाच मिनिटांतला एकही गोल मी पाहिलेला नाही
त्याच्याबरोबरच्या तीस वर्षांत.
ऐकलेत मात्र सगळे.

एप्रिलमध्ये परिचारिकेने फोन त्याच्या कानाशी धरला.
तिचे हातमोजे फोनवर घासत होते, तेवढंच ऐकू येत होतं.
काय बोलायचं ते मी कागदावर लिहून ठेवलं होतं.
कागद समोर होता.
मी म्हटलं, "दा, अजून बरोबरी आहे."

अंत्यविधीला आठ माणसं, खुर्च्या लांब लांब,
गाणं म्हणायला मनाई.
काका कॅमेऱ्यातून हजर होता, पण त्याचं फक्त कपाळ दिसत होतं.
वीस मिनिटांत आटोपलं.
त्याला आवडलं असतं, गर्दी व्हायच्या आत सुटणं.
हे मी बोलून दाखवलं नाही, बहिणीने मारलं असतं,
दोन मीटरवरून कसं, ते देव जाणे.

आज फिरायची परवानगी होती तेव्हा मैदानापर्यंत गेले.
फाटकाला साखळी. आत कोणीतरी गवत कापत होतं,
एकही पाय पडणार नसलेलं गवत,
सरळ जात होतं, वळत होतं, परत येत होतं.
मी स्टॉपवर जाऊन उभी राहिले.

बस आली. रिकामी.
प्लास्टिकच्या पडद्यामागून चालकाने भुवया उंचावल्या.
मी मान हलवली, नाही म्हणून.
तो थोडा थांबला, मग गेला.

पाचला दहा कमी असेपर्यंत उभी होते.
यंत्र थांबलं.
मग भिंतीपलीकडून काहीतरी आलं,
सीगल असतील, किंवा सैल झालेला पत्रा, नदीवरचा वारा.
मी मान तिरकी केली.

आपला की त्यांचा,
मला ओळखता येईना.