ट्रिपांची वही

कुडचड्याच्या धक्क्यावर बाबा ट्रिपा मोजायचे.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
ट्रक नंबर, वेळ, टन, सही.
हंगाम संपला की उरलेल्या वह्या घरी यायच्या,
पानांच्या कडा तांबड्या,
बोट लावलं तर बोटही तांबडं.

दोन हजार चारचा एप्रिल.
पेपरात फुटबॉलच्या खाली, टायरच्या जाहिरातीला टेकून
तीन ओळी: श्रीलंकेत बायकांचा आशिया कप.
संघ दोन.
पिएदाद खो खो हसली,
"एवढीशीच गो आशिया?
आमच्या चॅपलाकडे रविवारी चार टीमी होतात."
सामने पाच, पाचही आपले.
मी कात्री घेतली, खळ लावली,
आणि ट्रक नंबरच्या रकान्यात देशांची नावं घातली.
श्रीलंकेपुढे पाच वेळा लिहिलं: हार.
अक्षर तेव्हा फार सुबक होतं माझं.

कराची झालं, जयपूर झालं.
दांबुल्याचा निकाल मला दोन दिवसांनी कळला,
पंचायतीच्या वाचनालयात, कुणीतरी भजी बांधायला
अर्धा फाडून नेलेल्या पानावर.
मी तेव्हा राज्याच्या संघात बारावी.
पाणी न्यायचं, ग्लोव्ह्ज न्यायचे,
पिएदादचे पॅड सुटले की दोरी न्यायची;
पॅड मुलांचे होते, गुडघे तिचे.

मग तो ऑक्टोबर.
खाणी बंद.
ट्रक रांगेत उभे, चाकांतून गवत वर आलेलं.
बाबा तरी सातला धक्क्यावर जायचे
आणि कोरं पान घेऊन परत यायचे.
त्याच महिन्यात तिकडे चीनमध्ये
आपण एक्क्याऐंशीत आटपलो
आणि पाकिस्तानला त्रेसष्टात गुंडाळलं.
बाबा म्हणाले, "म्हणजे किती?"
"अठरानं जिंकलो."
"बरी ट्रीप," ते म्हणाले,
खिशातून पेन काढलं
आणि सहीच्या रकान्यात सही केली.
त्या वर्षातली त्यांची शेवटची.

पिएदाद स्विंडनला गेली, पोर्तुगीज पासपोर्टवर.
गोदामात खोकी मोजते.
क्वालालंपूरच्या फायनलला तिचा फोन चालू, माझा टीव्ही,
शेवटचा चेंडू, दोन धावा हव्यात, बांगलादेशला.
सहा कप झाले होते, सहाही वेळा
मी एकच नाव लिहिलं होतं, न बघता लिहिता येईल इतकं.
त्या दोघी धावल्या. एकीनं क्रीजवर अंग झोकून दिलं.
पिएदाद गप्प.
मी गप्प.
बाबांनी आतून विचारलं, "काय झालं गो?"
"हरलो," मी म्हटलं,
आणि तोंड फिरवलं, कारण मी हसत होते.
बाराव्या खेळाडूला कधी कधी होतं असं.
कुणाला सांगायचं नसतं.

सिल्हेटला सात संघ. थायलंडच्या मुली
पाकिस्तानला हरवून मैदानात वाकून उभ्या राहिल्या,
देवळात उभ्या राहाव्यात तशा.
कप आपलाच, पण त्या पानावर
मी त्यांचं वाकणं टिपून ठेवलंय, त्याला रकाना नाही.

आणि परवा, पुन्हा दांबुला.
आठ संघ. श्रीलंकेनं आपल्याला हरवलं.
वही उलटत मागे गेले. खळ सुटलेली,
कात्रण पिवळं, आणि माझ्या सुबक अक्षरात
हार, हार, हार, हार, हार.
वीस वर्षं. खोडलं नाही काही.
फक्त पाचव्या 'हार'वरून एक रेघ ओढली, आडवी,
बाबा ओढायचे तशी. एवढ्यानं हिशेब पुरा होतो,
असं ते म्हणायचे. आता त्यांना रेघा दिसत नाहीत,
बोटांनी चाचपतात.

काकोड्याच्या मैदानावर मी मुलींना स्कोअर लिहायला शिकवते.
सातवीतली लवीना विचारते,
"मिस, हा टनाचा रकाना कशाला?"
रिकामा ठेव, मी म्हणते.
लागतो.