लाल त्रिकोण

आधी गाडीचं ऐकायचं, मग गाडीकडे बघायचं,
आणि मालकाचं ऐकायचं सगळ्यात शेवटी.
हा लुव्सानजावचा नियम. पण सेरेनदुलाम
गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागली होती.

कंटेनरच्या गॅरेजबाहेर उणे एकतीस.
उलानबातारवर कोळशाचा धूर टेकलेला.
बॉनेटवर तिने बुरणुसाचा तुकडा बांधलाय,
आजारी कोकराच्या पाठीवर बांधतात तसा.
चढावर दम टाकते, ती म्हणाली,
लाल त्रिकोण पेटतो.
बंद करून दहा मिनिटं बसलं की विझतो,
आणि मग काही झालंच नाही असा आव.
माझा नवराही असाच होता.

ईदेर हसला. तो शिकाऊ आहे, त्याला चालतं.

पहिल्याने छोटी बॅटरी बदलली.
दुसऱ्याने प्लग. रोग रेड्याला, औषध पखालीला.
तिसऱ्याने डिकीकडे बोट दाखवून
मोठी बॅटरी संपली म्हणून सांगितलं, आणि असा आकडा
की ती रात्रभर टॅक्सी चालवत राहिली
तो विसरायला.

लुव्सानजाव ब्रेकच्या पेडलपाशी वाकला.
मीटर सांगतो एक लाख बारा हजार.
पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसतंय.
"किती म्हणून विकली तुला?"
तिने खिडकीबाहेर बघितलं.
जपानी गाडी, स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडचा;
ओव्हरटेक करायचं तर शेजारी बसलेल्या
अनोळखी माणसाला विचारावं लागतं,
समोरून कोणी येतंय का हो?
सहा वर्षं लोकांनी तिला खरं सांगितलं.
विकणारा एकटाच निघाला वेगळा.

"कधी सुरू झालं?"
जूनमध्ये. वाटलं, थंडी पडली की जाईल.
पडली. गेलं नाही.
"हीटर लावलास की वाढतं?"
ती थांबली.
पहिल्यांदाच थांबली.

मग मागची सीट निघाली.
सीटखाली एक कानातलं, खजुराची बी,
कोणाच्या तरी शाळेचा बिल्ला,
आणि बाजूच्या जाळीआड तो पंखा,
ज्याने बॅटरीला वारा घालायचा.
लुव्सानजावने चिमटा घातला, ओढला,
आणि ओढतच राहिला.
राखाडी, मऊ, दाबून दाबून घट्ट झालेली लोकर:
दर वसंतात भावाकडून शहरात आणलेली
बकऱ्यांच्या विंचरलेल्या केसांची पोती,
एकदा तर मागच्या सीटवर करडूच,
चारशे मैल झोपलेलं.

बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती
आणि आत ही बाई
उकाड्याने घुसमटत होती.

"पंखा धुतला. पैसे चहापुरते दे," लुव्सानजाव म्हणाला.
सेरेनदुलामने तो गोळा बोटांनी उसवला,
उजेडाकडे धरला,
काळा भाग काढून टाकला,
आणि उरलेला खिशात घातला.
चांगला माल आहे, ती म्हणाली.

किल्ली फिरवली. डॅशबोर्डमधली बाई
रोजच्यासारखं जपानीत काहीतरी बोलली.
सेरेनदुलाम रोजच्यासारखं म्हणाली, झा.
ईदेरने दोन वर्षं नागोयात काढलेली.
"काय म्हणते माहितीये? टोलचं कार्ड घातलेलं नाही."
"एवढंच?"
"एवढंच. वायर काढून देऊ? गप्प होईल."

तिने हातमोजे चढवले. एक बोट, मग दुसरं.
मला वाटायचं, जपून जा म्हणते.
राहू दे. तू गाडीत बस.

कारण दिवा विझला म्हणजे दुरुस्ती झाली असं नसतं,
चिंगेलतेचा चढ चढायचा असतो,
हीटर पूर्ण लावून, बर्फाच्या दगड झालेल्या वाटेवर,
गेर आणि लाकडी कुंपणं मागे टाकत.
पुढे सेरेनदुलाम पुन्हा बोलायला लागली होती,
भाऊ, डिझेलचे भाव, सुनेचा स्वभाव.
लुव्सानजाव मागे, अंग चोरून,
त्या जाळीपाशी उघडा तळहात धरून बसलेला,
नुकत्याच जन्मलेल्याच्या
नाकपुड्यांपाशी धरतात तसा.