पुस्तकातला तास

बिलं मी लिहिते.
आयनोच्या हाती दिली तर आकडा टाकताना
त्याचं पेन आपोआप उताराला लागतं,
आणि त्या उतारावरून आमचं गॅरेज
दोनदा घसरलंय.

आज काउंटरपलीकडे ऑर्डेल ब्योर्कलुंड.
चष्मा कपाळावर, बोट एकाच ओळीवर:
मजुरी, तासाला एकशे पंचेचाळीस डॉलर.
"मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं," ती म्हणते,
"तासाला इतके कधी पाहिले नाहीत."

आयनोनेही पाहिलेले नाहीत.

त्यातले चौतीस त्याच्या हाती पडतात.
बाकीचे आधीच वाटेला लागलेले असतात:
छपराकडे, विम्याकडे,
जळकं तेल उचलून नेणाऱ्याकडे,
आणि जानेवारीत, डलूथचा पारा उणे तिशीत उतरला की
त्या हीटरकडे, जो पैसे खातो आणि फक्त खोकतो.
गाडीची नाडी बघणारं यंत्र आहे एक.
दरवर्षी त्याची दक्षिणा भरली नाही
तर नव्या गाड्यांशी अबोला धरतं.

आणि गुरुवारी टेरी सोबचाकचा ट्रक.
आतून देव्हाऱ्यासारखा उजळलेला,
क्रोमचे पाने ओळीने लखलखत.
आयनो चढताना बूट पुसतो.
चर्चमध्ये जाताना पुसत नाही.
एकोणिसाव्या वर्षी घेतलेल्या लाल पेटीचे हप्ते
त्याच्या लग्नानंतरही चालू होते,
घटस्फोटानंतरही.
दुसऱ्याकडे राबायचा तेव्हासुद्धा
अवजारं ज्याची त्याने आणायची, असा इथला रिवाज;
आचाऱ्याने चूल डोक्यावर घेऊन यावं तसा.

एक पाना आहे त्याच्याकडे,
कुणीतरी रागाने पिळल्यासारखा वाकडा.
एकशे नव्वद डॉलर.
एकाच इंजिनाच्या एकाच बोल्टला लागतो,
वर्षातून दोनदा.
तो नसेल तर अर्धं इंजिन उतरवावं लागतं.
हे न उतरवलेलं इंजिन
मी बिलाच्या कुठल्या रकान्यात लिहू?

ऑर्डेल, तुमचं मागचं बेअरिंग.
दर ठरवणारं जाडजूड पुस्तक म्हणतं:
एक पूर्णांक आठ तास.
ते जिथे लिहिलं गेलं
तिथल्या रस्त्यांवर मीठ टाकत नसावेत.
इथे पाच महिने टाकतात,
आणि वसंत येईपर्यंत लोखंड लोखंडाला
असं बिलगतं की कुठलं कुणाचं कळू नये.
साडेतीनला बोल्टचं डोकं तुटलं.
मला इथे ऐकू आलं. आवाज नव्हे,
त्यानंतर आयनोने न दिलेली शिवी.
मग ज्वाला, मग तेल, मग ड्रिल,
मग नुसतं वाट बघणं,
लोखंडाचं मन वळेपर्यंत.
पाच तास गेले.
मी लिहिले एक पूर्णांक आठ.

त्या पान्याला जन्मभराची हमी आहे.
मोडला तर टेरी काही न विचारता नवा देतो,
वर हवापाण्याच्या गप्पा.
मार्चपासून आयनोचं उजवं मनगट
कॉफीचा मगसुद्धा डाव्याकडे सोपवतं.
मी टेरीला एकदा गमतीत विचारलं.
तो हसला, मग हसायचा थांबला,
आणि पावती फाडून दिली.

ऑर्डेल चेक लिहायला घेते,
एकेक अक्षर फळ्यावर गिरवावं तसं.
मान वर न करता विचारते,
"खरंच किती वेळ लागला त्याला?"

मी पुस्तकाकडे बघते.
तेवढ्यात मागे काहीतरी टिणकन पडतं, घरंगळतं,
आणि आयनो गुडघ्यांवर, टॉर्च दातात धरून,
लिफ्टखाली शिरतो.

"काय हरवलं?"
"दहाचा सॉकेट. या वर्षातला सातवा."
"मग ह्याचा वेळ?"

हा मी लिहीत नाही.